शंख कोण मोजणार?

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षिगणनेचे आकडे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. यंदा किती हजार पक्षी, किती जाती, रोहित आले की नाही, करकोचे उशिरा का उतरले. सिन्नर-निफाडचे लोक या बातम्या आवडीने वाचतात आणि सुट्टीच्या दिवशी दुर्बिणी घेऊन चापडगावच्या मनोऱ्यांवर जातात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. त्यामागे गाळ साठत गेला, गाळावर पाणवनस्पती रुजल्या आणि शेतीच्या पाण्यासाठी केलेल्या कामातून एक पाणथळ उभे राहिले. १९८६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झाले, २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेले. त्या यादीतले महाराष्ट्राचे ते पहिले स्थळ. १,४३७ हेक्टरांच्या या पाणथळात पाचशेहून अधिक जातींचे जीव नोंदले गेले आहेत. याचा अभिमान वाटावा हे रास्तच आहे.

तरी या आकड्यांवर मी पूर्ण विसंबू शकत नाही. पक्षी हा पाणथळाचा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. तो वर्षानुवर्षे जगतो, हजारो मैल उडतो, जुन्या सवयीने जुन्या जागी उतरतो. खालचे पाणी बिघडले, मासे बदलले, चिखलातले किडे कमी झाले तरी काही हिवाळे तो येतच राहतो. तो यायचा थांबतो तेव्हा बिघाड फार आत गेलेला असतो. लवकर बोलणारे साक्षीदार निराळे आहेत. ते शंखांच्या पोटात, माशांच्या मांसात, बगळ्यांच्या घशात राहतात आणि त्यांची गणना कोणत्याही बातमीत येत नाही. मी परजीवींबद्दल बोलतो आहे.

परजीवी म्हटले की किळस येते आणि शेतकऱ्याच्या मनात तर ती अनुभवातून आलेली असते. मेंढरे खंगतात, गाय आटते, वासराचे पोट सुटते. त्या नुकसानीकडे कानाडोळा करून चालणार नाही, तिच्याकडे मी येणारच आहे. पण आधी पाणथळातली एक साखळी नीट पाहू.

भारतातल्या गोड्या पाण्यातला लहान मासा साफ करताना कधी कधी मांसात ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळी गाठ सापडते. मासेमार ती काढून टाकतात. ती क्लिनोस्टोमम नावाच्या पर्णकृमीची अळी असते. हा कृमी वयात येतो तो बगळ्याच्या तोंडात आणि घशात. तिथून त्याची अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेली अळी काही तासांत ठरावीक जातीचा शंख गाठते, नाहीतर मरते. शंखाच्या आत ती स्वतःच्या अनेक प्रती तयार करते आणि शेपटीवाल्या अळ्यांच्या रूपाने पुन्हा पाण्यात येते. त्या अळ्या माशाच्या कातडीतून आत शिरतात आणि मांसात गाठ करून थांबतात. तो मासा बगळ्याने खाल्ला तरच पुढचे आयुष्य. म्हणजे या एका कृमीला जगण्यासाठी शंख हवा, मासा हवा, बगळा हवा, आणि तिघेही एकाच पाण्यात, एकाच ऋतूत हवेत. तिघांतला एक जरी नाहीसा झाला तरी साखळी संपली. त्यामुळे माशात पिवळी गाठ सापडणे ही त्या पाण्यात तिघेही टिकून असल्याची नोंदच आहे. मासेमाराला ती गाठ नकोशी वाटते हे खरे. पण अभ्यासकाला तिच्यातून जे कळते ते मनोऱ्यावरच्या दुर्बिणीतून दिसत नाही.

अशा साखळ्यांचा सर्वात कसून हिशेब लागला तो समुद्राकाठी, नदी जिथे खाऱ्या पाण्याला मिळते अशा खाड्यांत. कॅलिफोर्नियातल्या कार्पिन्टेरिया नावाच्या छोट्या खारदलदलीत केव्हिन लाफर्टी, आर्मंड क्युरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे शंख, खेकडे, मासे आणि पक्षी उघडून पाहिले. कोण कोणाला खातो याचे पूर्ण जाळे त्यांनी २००६ मध्ये मांडले. त्या जाळ्यातल्या पाऊणशे टक्के दुव्यांत कुठे ना कुठे परजीवी होता. तोवर अन्नजाळ्यांची जी चित्रे पाठ्यपुस्तकांत छापली जात होती त्यांत तो जवळपास नव्हताच. दोन वर्षांनी त्याच गटाने तिथल्या आणि मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या मिळून तीन खाड्यांतले वजन काढले. एकट्या पर्णकृमींचे एकूण वजन तिथल्या पक्ष्यांच्या, माशांच्या तोडीचे निघाले. वर्षभरात शंखांतून पाण्यात सुटणाऱ्या शेपटीवाल्या अळ्यांचे वजन तर तिथल्या पक्ष्यांच्या एकूण वजनापेक्षा जास्त भरले. या अळ्यांपैकी फारच थोड्या पुढच्या यजमानापर्यंत पोचतात. बाकीच्या लहान माशांच्या, कोळंबीच्या आणि चिखलातल्या जीवांच्या पोटात जातात. म्हणजे परजीवी हे जाळ्यातले अन्नही आहे, आणि भरपूर आहे.

त्या खाडीतला एक पर्णकृमी किलिफिश नावाच्या माशाच्या मेंदूवर जाऊन बसतो. असा मासा पृष्ठभागाजवळ येऊन अंग झटकतो, चमकतो. लाफर्टी आणि मॉरिस यांनी १९९६ मध्ये दाखवले की पक्षी अशा माशांना निरोगी माशांपेक्षा कैक पटींनी जास्त पकडतात. बगळ्याला रोजचे जेवण मिळते त्यात या कृमीचा हात असतो. हाच कृमी शंखात असतो तेव्हा त्या शंखाला वांझ करतो. शंख जगतो, खातो, वाढतो, पण पिल्ले घालत नाही. त्यामुळे चिखलावर शंख किती राहतील, ते शेवाळ किती खरवडतील, हेही परजीवीच्या हाती येते. म्हणून लाफर्टी आणि हस्पेनी यांनी कार्पिन्टेरियाच्या बिघडलेल्या भागाची दुरुस्ती झाल्यावर पक्षी मोजून न थांबता शंख फोडून पाहिले. दुरुस्तीनंतर पक्षी परतले, तसे शंखांतल्या पर्णकृमींचे प्रमाण आणि जातीही वाढल्या. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. दलदल खरोखर सुधारली का, याचे उत्तर शंखाच्या पोटातून मिळू शकते हे तेव्हापासून ठाऊक आहे.

आपल्याकडच्या खाड्यांत त्या कॅलिफोर्नियातल्या शंखाचे भाऊबंद आहेत. ठाणे खाडीच्या आणि कोकणातल्या खाड्यांच्या चिखलावर टोकदार, शिंगासारखे छोटे शंख पसरलेले दिसतात. ते त्याच कुळातले. आशियाच्या किनाऱ्यांवर त्यांच्यात अनेक जातींचे पर्णकृमी नोंदले गेले आहेत. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत आली आणि तिथल्या रोहित पक्ष्यांची गणना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी चिकाटीने करते. रोहितांच्या पायाखालच्या शंखांत काय चालले आहे, हा प्रश्न मात्र खाडीच्या भवितव्याच्या चर्चेत कुणी विचारत नाही.

समुद्रापासून इतक्या लांबच्या सिन्नरला खाडीचे काय, असे वाटू शकते. पण साखळीची रीत दोन्हीकडे एकच आहे: संथ पाणी, चिखल, शंख, मासे, पक्षी. सिन्नरची देवनदी गोदावरीला मिळते आणि गोदावरी शेवटी आंध्रात कोरिंगाच्या खारफुटीत समुद्राला. हिवाळ्यात नांदूरला उतरणारे थापटे, तरंग, चक्रांग उत्तरेकडून येताना आपले कृमी सोबत आणतात आणि जाताना इथले घेऊन जातात. मेंढरांचेही तसेच. नगर-नाशिककडचे धनगर पावसाळा संपल्यावर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर माघारी फिरतात. पठार आणि खाडी यांच्यात परजीवींची ये-जा माणसाने नकाशे काढायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

माझी चिंता इथून सुरू होते. पाणथळ बिघडते तेव्हा सगळे परजीवी सारखे मरत नाहीत. ज्यांना तीन-तीन यजमान लागतात ते आधी जातात. ज्यांचे एकाच किंवा दोनच यजमानांवर भागते ते टिकतात, बऱ्याचदा वाढतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या प्युजेट साउंड या खाडीत चेल्सी वूड आणि सहकाऱ्यांनी संग्रहालयांतल्या बरण्यांत १८८० पासून २०१९ पर्यंत जपलेले मासे उघडले आणि आतले कृमी मोजले. तीन किंवा अधिक यजमान लागणाऱ्या कृमींची संख्या दर दशकाला सरासरी १० टक्क्यांहून अधिक घटत गेली होती. एक-दोन यजमानांवर भागवणाऱ्यांची बहुतांशी स्थिर राहिली किंवा वाढली. ही घट समुद्राच्या वाढत्या तापमानाशी जुळत होती. २०२३ मध्ये हा अभ्यास आला तेव्हा त्या खाडीवर इतकी वर्षे काम करणाऱ्यांनाही त्याची कल्पना नव्हती, कारण कोणी मोजतच नव्हते.

आता सिन्नर-निफाडकडे बघा. आपल्याकडे टिकून राहणारे, दोन यजमानांवर भागवणारे परजीवी कोणते? गायी-म्हशींचा लिव्हर फ्लूक. याला एक शंख लागतो आणि एक रवंथ करणारे जनावर. शंखातून निघालेल्या अळ्या पाण्याकाठच्या गवताच्या पात्यांवर चिकटून कवच करतात. उन्हाळ्यात बाकीचा माळ करपलेला असतो, तेव्हा बंधाऱ्याचे पाणी मागे सरकून उघड्या पडलेल्या गाळावर हिरवा पट्टा उरतो आणि सगळी जनावरे तिथेच चरायला येतात. काही आठवड्यांनी जबड्याखाली पाणी उतरते, दूध आटते, मेंढरू उभ्या उभ्या खंगते. पोटातले अँफिस्टोम हे दुसरे. तिसरे रक्तातले शिस्टोसोम, ज्यांच्या एका जातीमुळे बैलाच्या नाकात गाठी होऊन तो घोरल्यासारखा श्वास घेतो. या सगळ्यांना शंख हवा आणि जनावर हवे, बस्स. बगळा नसला तरी यांचे काही अडत नाही. मासा नाहीसा झाला तरी नाही.

त्यात भर म्हणून आपण पाण्यात जे सोडतो तेही यांच्या बाजूने जाते. नाशिक शहराचे सांडपाणी आणि शेतातली खते गोदावरीतून खाली येतात. खताने शेवाळ वाढते, शेवाळावर शंख वाढतात. पीटर जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रयोगातून दाखवले की पाण्यातली पोषकद्रव्ये वाढली की शंख वाढतात, शंखांतून सुटणाऱ्या पर्णकृमींच्या अळ्या वाढतात आणि बेडकांना होणारा संसर्ग वाढतो. तणनाशकांबाबत जेसन रोर यांच्या गटाचे २००८ मधले निष्कर्ष तसेच आहेत. अॅट्राझीनने बेडकांची प्रतिकारशक्ती खाली आली आणि शंखांचे अन्न वर गेले, दोन्ही बाजूंनी फायदा कृमीचाच. जलपर्णीचे दाट थर साचले की त्यांच्या मुळ्यांना शंख लगडतात. नांदूरच्या रामसर नोंदीतच जलपर्णी, पाण्याचा उपसा आणि शहरीकरण हे धोके म्हणून लिहिलेले आहेत. त्यांचा विचार पक्ष्यांच्या संदर्भात होतो. चापडगाव, मांजरगाव, खाणगावच्या गोठ्यांच्या संदर्भातही तो झाला पाहिजे.

माझ्या मते या विषयातला सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात दुर्लक्षित मुद्दा शंखाच्या आत आहे. एका शंखात दोन जातींचे पर्णकृमी एकदम शिरले तर त्यांच्यात झुंज होते. बदकांच्या आणि पाणपक्ष्यांच्या आतड्यात राहणाऱ्या एकायनोस्टोम गटाच्या अळ्यांना शंखात असताना तोंड असते. त्या दुसऱ्या कृमीच्या अळ्यांना चक्क खातात. इंडोनेशियात पश्चिम जावाच्या भातखाचरांत याचा उपयोग करून पाहिला गेला. सुहार्दोनो आणि कोपमन यांनी बदकांची खुराडी अशी ठेवली की त्यांची विष्ठा गोठ्याच्या सांडपाण्याबरोबर एकाच जागी खाचरात पडावी. बदकांच्या कृमीने शंख आधी काबीज केले आणि गुरांच्या लिव्हर फ्लूकला तिथे जागा मिळाली नाही. गुरांचा कृमी बदकांच्या कृमीने आवरला, औषधाविना.

याचा अर्थ नांदूरच्या शंखांत जंगली पाणपक्ष्यांचे कृमी जितके नांदतील तितकी गुरांच्या कृमीला अडचण व्हावी. किती, हे तिथले शंख फोडून पाहिल्यावरच ठरेल. सगळे एकायनोस्टोम सारखे जोरकस नसतात आणि सगळे शंख सगळ्यांना चालत नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. पाणपक्ष्यांची साखळी तुटू दिली तर गुरांचा कृमी मोकळा सुटण्याची शक्यता आहे. पक्षी वाचवणे आणि गोठा वाचवणे ही कामे आपण दोन वेगळ्या खात्यांत वाटून टाकली आहेत, एक वनखात्याचे, दुसरे पशुसंवर्धनाचे. शंखात मात्र ती एकत्र आलेली आहेत.

नदीवरच्या धरणांनीही या हिशेबात हात घातला आहे. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नदीच्या मुखाजवळ १९८६ मध्ये दियामा धरण झाले. त्या नदीतला मोठा झिंगा शंख खायचा. त्याची पिल्ले खाडीच्या मचूळ पाण्यात वाढत आणि मग नदीने वर चढत. धरणाने वाट अडवली, झिंगा गेला, शंख माजले, आणि काही वर्षांत रिशार-तोल आणि आसपासच्या गावांत माणसांतल्या शिस्टोसोमचा मोठा उद्रेक झाला. २०१५ मध्ये सुझान सोकोलोव आणि सहकाऱ्यांनी एका गावाच्या पाण्यात झिंगे परत सोडून पाहिले. शंख घटले, लोकांतला संसर्गही उतरला. गोदावरीतही असाच झिंगा आहे, मत्स्यशास्त्रात तो गोदावरीच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्याच्या पिल्लांनाही मुखाजवळचे मचूळ पाणी लागते. दवलेश्वरमच्या एकोणिसाव्या शतकातल्या बंधाऱ्यापासून पैठणच्या जायकवाडीपर्यंत त्या नदीवर किती अडथळे आहेत हे सर्वांना माहीत आहे. शंख खाणारा कमी झाला की त्याचा फायदा कोणाला होतो, हा प्रश्न गोदावरी खोऱ्यातल्या प्रत्येक धरणाच्या आराखड्यात असायला हवा होता.

महाराष्ट्राला याचा एक धडा फार पूर्वी मिळाला आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरकडे गिमवी नावाचे गाव आहे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी तिथे माणसांतला मूत्रमार्गाचा शिस्टोसोम नोंदला, लघवीतून रक्त जाणारा आजार. आफ्रिका आणि पश्चिम आशियातला हा रोग भारतात स्थायिक झाल्याचे दुसरे ठिकाण माहीत नव्हते. तिथे त्याला यजमान म्हणून मिळाला टोपीसारखा, नखाएवढाही नसलेला एक शंख, फेरिसिया. आफ्रिकेत हा कृमी ज्या शंखांत राहतो त्यांच्यापेक्षा हा वेगळाच. ओढ्यातल्या दगडापानांना चिकटलेला हा इवलासा शंख एवढ्या मोठ्या रोगाला आसरा देईल असे कोणाच्या मनात आले नसते. रोग पुढे आटोक्यात आला. पण तो त्या गावापर्यंत मर्यादित राहिला यात आपल्या दक्षतेचा वाटा किती आणि निसर्गातल्या अडथळ्यांचा किती, याचा विचार करताना मला स्वस्थ वाटत नाही.

परजीवी वाचवा असे सरसकट कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. नारू गेला हे फार चांगले झाले. महाराष्ट्रासह सात राज्यांत पायविहिरींच्या पाण्यातून तो माणसांना होत असे. विहिरी बांधून काढल्या, पाणी गाळून प्यायला शिकवले, आणि १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडल्यावर २००० साली भारत नारूमुक्त ठरला. एक विशिष्ट कृमी ओळखून, त्याच्या साखळीतला नेमका दुवा पकडून, बाकीच्यांना धक्का न लावता तो संपवला गेला. तशी नेमकी कामे करायला साखळी ठाऊक असावी लागते. आंधळेपणाने मारण्याचे परिणाम वेगळे असतात.

आणि आपण आंधळेपणाने मारतोच आहोत. मेंढराला ठरावीक महिन्यांनी जंताचे औषध पाजायचे, शेण किंवा लेंडी न तपासता, पूर्ण कळपाला, हा आता रिवाज झाला आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या जठरातला रक्तपिपासू गोलकृमी अनेक औषधांना दाद देईनासा झाल्याच्या नोंदी देशात ठिकठिकाणी आहेत. आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा अंश शेणातून बाहेर पडतो, तिथे शेणकिड्यांच्या अळ्या मारतो, आणि पाण्यात गेला तर पाणपिसवांसारख्या सूक्ष्म जीवांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरतो. माशांच्या पिलांचे पहिले अन्न हेच जीव. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडे कशी संपली हे आपण पाहिले आहे. २००६ मध्ये बंदी आली तेव्हा बहुतेक गिधाडे गेलेली होती. त्या औषधाचाही हेतू चांगलाच होता.

मग ज्ञान कमी आहे का? नावे ठेवण्यात आपण मागे नव्हतो. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात जी. बी. शिंदे यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोदावरी खोऱ्यातल्या वाम, मरळ यांसारख्या माशांमधले फीतकृमी दशकानुदशके शोधले, त्यांची वर्णने छापली. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कृमी रंगवून, रेखाटून ओळख पटवणे हे कष्टाचे आणि फार कमी कौतुकाचे काम आहे. पण त्या परंपरेचा भर जात ओळखण्यावर राहिला. किती माशांत, कोणत्या ऋतूत, कोणत्या शंखातून, कोणत्या पक्ष्यापर्यंत, आणि वीस वर्षांपूर्वीपेक्षा कमी की जास्त, या प्रश्नांची सवय लागली नाही. आता तर कृमी ओळखू शकणारी ती पिढीच मावळते आहे. जे हात जात ओळखतात ते गेल्यावर मोजायचे ठरवले तरी मोजणार कोण?

इथल्या एका माशाचे उदाहरण द्यावेसे वाटते. सिन्नरला लागूनच असलेल्या देवळालीच्या पाण्यातून होरा आणि मिश्रा यांनी १९३८ मध्ये एका छोट्या, प्रवाहातल्या दगडांना धरून राहणाऱ्या माशाचे वर्णन केले. देवळाली मिनो या नावाने तो ओळखला जातो. आज तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे आणि नांदूरच्या रामसर नोंदीत त्याचे नाव आहे. असा मासा गेला तर त्याच्याच अंगावर जगणारे, दुसऱ्या कोणत्याही माशावर न चालणारे परजीवीही त्याच्याबरोबर जातात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा कॉन्डोर हा गिधाडवर्गीय पक्षी वाचवण्यासाठी पकडून पिंजऱ्यात आणला गेला, तेव्हा त्याच्या अंगावरची उवेची एक जात औषधांनी संपली. पक्षी वाचला, ती जात कायमची गेली. २०१७ मध्ये कॉलिन कार्लसन आणि सहकाऱ्यांनी हवामानबदलाच्या हिशेबाने केलेल्या अंदाजात २०७० पर्यंत परजीवींच्या एक तृतीयांशापर्यंत जाती नष्ट होऊ शकतील असे म्हटले आहे. या यादीत लिव्हर फ्लूक असणार नाही. त्याला आपण गोठ्यागोठ्यांत यजमान पुरवले आहेत.

करायचे काय, याचे उत्तर महागडे नाही. हिवाळ्यात पक्षिगणना होते त्याच आठवड्यात आणि पुन्हा उन्हाळ्यात, ठरलेल्या चार-सहा जागांवरून शंख गोळा करावेत. प्रत्येक शंख काचेच्या वाटीत स्वच्छ पाण्यात ठेवून उजेडात आणला की अळ्या सोडणारे शंख ओळखू येतात. साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. सिन्नर, निफाड, नाशिकच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, विद्यार्थ्यांना प्रकल्प करायचेच असतात. मासेमारांकडून पिवळ्या गाठींचे मासे मागून घ्यावेत, त्यांना त्याचे पैसे द्यावेत. पशुवैद्यकीय दवाखान्यांनी काठच्या गावांतल्या जनावरांचे शेण तपासून मगच औषध द्यावे आणि त्या तपासणीचे आकडे शंखांच्या आकड्यांशेजारी मांडावेत. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आहे, तिथल्या बरण्यांत पश्चिम महाराष्ट्रातल्या नद्यांचे जुने मासे आहेत. प्युजेट साउंडमध्ये जे झाले ते इथे होऊ शकते.

सिन्नरच्याच देवनदीवर जुने बंधारे आणि पाट ‘युवा मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन पुन्हा वाहते केले. पाण्याच्या पाळ्या ठरवणे, पाट साफ करणे, पाणी कधी सोडायचे आणि कधी बंद ठेवायचे याचा निर्णय लोकांनी मिळून घेणे, हे त्या खोऱ्यात रुजलेले काम आहे. पाळीपाळीने कोरडा पडणारा पाट शंखांना अडचणीचा, कायम साचलेले डबके सोयीचे. जिथे पाण्याचा हिशेब लोक स्वतः ठेवतात तिथे शंखांचा हिशेबही ते ठेवू शकतील, असा माझा विश्वास आहे.

नांदूरचा गाळ काढण्याची मागणी पुराच्या प्रत्येक वर्षी होते. चांदोरी-सायखेड्याच्या ज्या लोकांच्या घरांत पाणी शिरते त्यांची ती मागणी समजण्याजोगी आहे. त्यावर निर्णय होईल तेव्हा पूर आणि पक्षी या दोन बाजू मांडल्या जातील. तिसरी बाजू मांडायला आकडेच नाहीत. गाळाचा उथळ काठ खरवडला गेला तर कोणते शंख जातील आणि कोणते उरतील, लहान मासे कुठे जातील, उन्हाळ्यातला हिरवा पट्टा कुठे सरकेल आणि तिथे कोणाची जनावरे चरतील, हे यंत्रे उतरण्याच्या निदान दोन-तीन वर्षे आधी मोजून ठेवले पाहिजे. काम सुरू झाल्यावर तुलनेला आधीचे पाणी मिळणार नाही.